डिस्चार्ज कार्डावर नसलेली तारीख

मेंदूज्वरातून उठलेलं मूल घरी निघतं तेव्हा त्याच्या आईच्या पिशवीतल्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक ठिकाणी सारखाच मजकूर सापडतो. ताप नाही. झटके नाहीत. तोंडाने खातंय. औषधं अमुक दिवस, आठवड्याने दाखवायला आणा. आठवड्याने आई येते, मूल हसतंय-खेळतंय हे डॉक्टर बघतात आणि तिथे विषय मिटतो. आईला वाटतं, सुटलो एकदाचे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी चटई टाकून रात्री काढलेल्या बाईला दुसरं काय वाटणार?

मी सोलापुरात शाळेत शिकवते. माझं म्हणणं असं की त्या कार्डावर आणखी दोन तारखा असायला हव्यात. एक महिन्याच्या आतली, कानाच्या तपासणीची. दुसरी बरीच लांबची: ते मूल पहिलीत जाईल त्या वर्षीच्या जूनमधली, स्मरणशक्तीच्या तपासणीची. पहिलीबद्दल फारसा वाद होणार नाही. दुसरी ऐकली की लोक हसतात. जगण्यामरण्यातून वाचलंय पोर, आणि बाईंना त्याच्या पाढ्यांची पडलीये!

पडलीये खरी, कारण संसर्गाचा हिशेब पाढ्यांपर्यंत जातो. जिवाणूंमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. वाचलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला बहिरेपण, झटके, लुळेपणा, बौद्धिक अडचण असा काही ना काही लहान-मोठा दोष राहतो, असं त्यात दिसलं. आफ्रिका आणि दक्षिण-पूर्व आशियात मोठ्या दोषाचा धोका युरोपच्या दुपटीहून जास्त. इंग्लंड-वेल्समध्ये १९८५ ते १९८७ या काळात तान्हेपणी मेंदूज्वर झालेल्या मुलांचा तर शालान्त परीक्षेपर्यंत माग काढला गेला. त्यातलं जवळपास चौघांतलं एक मूल एकाही विषयात पास झालं नव्हतं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर मुलांत हे प्रमाण सात टक्क्यांच्या आत होतं. आजारपण आणि निकाल यांच्यामध्ये सोळा वर्षं गेलेली. इतक्या लांबच्या दोन गोष्टींचा संबंध आईबाप लावू शकत नाहीत, मास्तरही नाहीत. तो लावायला कुणीतरी वही ठेवावी लागते, आणि तिथल्या लोकांनी ती ठेवली होती.

युगांडात मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या मुलांना दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा साधारण चौघांत एकाला लक्ष, स्मरण अशा कुठल्या तरी बाबतीत अडचण होती. सगळी मुलं चालती-बोलती. रस्त्यात भेटली असती तर कुणी वळूनही बघितलं नसतं.

हे होतं कसं, हा या संशोधनातला सगळ्यात गुंतवून ठेवणारा भाग. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या अंगाला, हिप्पोकॅम्पस नावाचा बोटभर भाग असतो. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचे झटके थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढून टाकला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठणंच बंद झालं. नुकतं भेटून गेलेलं माणूस परत आलं की तो नव्याने ओळख करून घ्यायचा. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट निघाली. आरशात बघून आकृती गिरवण्याचं काम तो दिवसागणिक सफाईने करायला लागला, पण हे आपण आधी केलंय हे मात्र त्याला दर वेळी नवं असायचं. म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि घडलेल्या गोष्टीची आठवण वेगळी.

मोलेसन मोठा माणूस होता. लहानपणीच हा भाग दुखावला तर? लंडनमध्ये फराने वर्गा-खादेम यांनी १९९७ साली अशा तीन मुलांबद्दल लिहिलं. त्यांच्या बाबतीत कारण संसर्ग नव्हतं, प्राणवायू कमी पडल्याने इजा झाली होती. पण चित्र समजून घेण्यासारखं आहे. ही मुलं नेहमीच्या शाळेत जात होती, लिहीत-वाचत होती, त्यांचं शब्दज्ञान ठीक होतं. फक्त सकाळी काय झालं, काय निरोप दिला, वस्तू कुठे ठेवली, कुठल्या रस्त्याने आलो, हे राहत नव्हतं. अशा मुलाला मतिमंद म्हणता येत नाही. मग त्याला काय म्हणतात? बेफिकीर, वेंधळं. आपल्याकडे आणखी एक एकाक्षरी शब्द आहे: 'ढ'.

संसर्ग या भागाला दोन वाटांनी गाठतो. पहिली सरळ. जर्मनीत मेंदूज्वराने दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा बहुतेकांत हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या पट्ट्यातल्या पेशी मेलेल्या सापडल्या. दुसरी वाट आडवळणाची आहे आणि मला ती जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात जंतू गेल्यावरही काम चालू राहतं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. बालपणी त्यांच्याकडे एक नेमून दिलेलं काम असतं: मेंदूपेशींमधले नको असलेले जोड काढून टाकणं. त्यासाठी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं कुठला जोड काढायचा त्यावर खूण करतात. संसर्गाच्या धामधुमीत या खुणा भलत्याच जोडांवर पडतात आणि खुरपणीला बसलेल्या बाईने तणाबरोबर पीकही उपटावं तसं होतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या रॉबिन क्लाइन यांच्या गटाने २०१६ साली वेस्ट नाईल विषाणूतून बऱ्या झालेल्या उंदरांत हेच दाखवलं. विषाणू आटोक्यात आलेला, मेंदूपेशी जिवंत, पण हिप्पोकॅम्पसमधले जोड कमी झालेले, आणि उंदराला शिकलेली जागा सापडत नाही. कॉम्प्लिमेंटमधलं एक प्रथिन नसलेले उंदीर मात्र या नुकसानीतून वाचले.

स्टेसी बिल्बो यांच्या उंदरांची गोष्ट आणखी वेगळी. जन्मल्यावर चौथ्या दिवशी त्या पिलांना जिवाणूंचा संसर्ग दिला. ती बरी झाली, वाढली, शिकली, सगळं छान. मोठेपणी शिकण्याच्या वेळेसच प्रतिकारशक्तीला पुन्हा डिवचलं, तेव्हा लहानपणी आजारी पडलेल्यांचीच आठवण ढासळली. पहिला घाव दुसऱ्या घावाची वाट बघत बसलेला होता. उंदरांवरून माणसाच्या लेकरांबद्दल छातीठोक बोलू नये. पण सोलापुरात वाढणाऱ्या मुलाला दुसरा, तिसरा, पाचवा संसर्ग चुकत नाही, हे सांगायला उंदीर लागत नाहीत. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात घरोघरी बॅरल भरलेले असतात. त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि तळाशी गेलेलं पाणी हंड्याने उपसून पितात तेव्हा जुलाब होतात.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून कुणी आई रात्रभर थर्मामीटर घेऊन बसेल. साध्या सर्दी-तापाने मुलाची स्मरणशक्ती जात नाही. लहान मुलांना ताप चढताना येणारे साधे, थोडा वेळ टिकणारे झटके दिसायला भयंकर असले तरी त्यांचा बुद्धीवर कायमचा परिणाम सहसा होत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. मी बोलतेय ती मेंदूपर्यंत गेलेल्या संसर्गाबद्दल: जिवाणूंचा मेंदूज्वर, क्षयाचा मेंदूज्वर, विषाणूंचा मेंदूदाह, मेंदूत बसलेली फीतकृमीची गाठ. ही शेवटची डुक्कर न खाणाऱ्यालाही होते, न धुतलेल्या भाजीवरून अंडी पोटात जातात. एवढं सांगितलं तरी झटके आलेल्या मुलाच्या नाकाला चप्पल लावणारे लावतातच. ज्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये झटक्यांच्याच आजाराने गेले, त्या गावात तरी हे बंद व्हायला हरकत नाही.

आता वर्गातलं. तिसरीत एक मुलगी होती, विडी कामगाराच्या घरातली. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी. कविता चालीवर म्हणायला सांगा, अख्खी म्हणायची. आजीच्या शेजारी बसून विडीला दोरा बांधायची, इतक्या सफाईने की बघत राहावं. (नऊ वर्षांच्या मुलीने ते करू नये हे मलाही कळतं, तो स्वतंत्र भांडणाचा विषय आहे.) पण काल काय शिकवलं ते विचारलं की चेहरा कोरा. वही आणायला पाठवली तर दारातून परत यायची, "बाई, काय आणू म्हणलासा?" तिच्या आईला बोलावलं. ती मांडीवरचं सूप बाजूला ठेवून, अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली. म्हणाली, "बाई, वरसाची असताना हिच्या डोक्यात ताप गेलता. पाठीतलं पाणी काढलंतं. तवा डॉक्टर म्हणले, बरी झाली." कार्ड? घर बदलताना गेलं.

त्या मुलीला जे होतं ते त्या तापामुळेच होतं, असं मी म्हणणार नाही. रक्त कमी असेल, ऐकायला कमी येत असेल, भाषेचा गोंधळ असेल, घरची चणचण असेल. खरी तक्रार हीच की यातलं काय ते कुणी तपासलंच नाही, आणि तपासावं असं कुठे लिहिलेलंही नव्हतं. तपासायचं तरी कसं? मुलांच्या बुद्धिमापनासाठी आपल्याकडे अजूनही वापरली जाणारी बिने-कामत चाचणी मूळ कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवलेली आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात धारवाडच्या कामतांनी केलेलं ते फार मोठं काम होतं. पण सोलापूरच्या पूर्व भागातलं पोर आकडे मराठीत लिहितं आणि मनात तेलुगूत मोजतं. त्याला 'सात, दोन, नऊ, चार, उलट सांग' म्हटलं आणि ते अडखळलं, तर अडखळली ती स्मरणशक्ती की भाषा? चाचणी घेणाऱ्याला तेलुगू येत नसेल तर हे कळणार नाही. अक्कलकोटकडच्या मुलाला हेच कन्नडमध्ये लागू. म्हणून शब्दांवर न विसंबणाऱ्या चाचण्या आधी घ्याव्या लागतात: ठोकळ्यांना ज्या क्रमाने बोट लावलं त्याच क्रमाने लावून दाखव, चित्र बघ आणि अर्ध्या तासाने कागदावर काढ. अर्धा तास महत्त्वाचा. लगेच विचारलं तर हिप्पोकॅम्पस दुखावलेलं मूलही बरोबर सांगू शकतं. वर्गात आम्ही विचारतो ते लगेचच, आणि दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं नाही की म्हणतो, काल तर येत होतं, आता नाटकं करतंय.

कान आधी तपासायचा तो याचसाठी. जिवाणूंच्या मेंदूज्वरानंतर सगळ्यात जास्त आढळणारा दोष बहिरेपणाचा, आणि न ऐकलेली गोष्ट कुणालाच आठवत नाही. काही मुलांत आतला कान नंतर हाडासारखा भरून येतो आणि मग यंत्र बसवणंही अवघड होतं, म्हणून ही तारीख महिन्याच्या आतली. इंग्लंडात चार आठवड्यांच्या आत ऐकण्याची तपासणी करा अशी मार्गदर्शक सूचनाच आहे.

यावर डॉक्टरमंडळी म्हणतात, आधी लस. मान्य, शंभरदा मान्य. हिब जंतूची लस आता पंचगुणी लसीतून मिळते, न्यूमोकॉकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. गोवराची लस न घेतलेल्या मुलाला गोवर होऊन गेल्यावर काही वर्षांनी मेंदूचा जो जीवघेणा आजार होऊ शकतो, त्यात पहिली खूण कित्येकदा अभ्यासात मागे पडण्याचीच असते. लस चुकवणाऱ्यांशी वाद घालायला मी कधीही तयार आहे. पण लस ही उद्याच्या मुलांची सोय झाली. कालच्या मुलांचं काय? आणि चांगल्या उपचाराने जीव वाचला म्हणजे मेंदू वाचला, असंही नसतं. क्षयाच्या मेंदूज्वरात डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं औषध देऊन बघणारा व्हिएतनाममधला मोठा प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. तो चौदा वर्षांवरच्या रुग्णांवर होता. मृत्यू कमी झाले, पण गंभीर अपंगत्व घेऊन उरणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं नाही. जितके जास्त जीव वाचतील तितकं वाचलेल्यांकडे बघण्याचं काम वाढतं. हे डॉक्टरांचं यश आहे, त्याचा त्यांनी राग मानू नये.

नवं खातं काढायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोच मुळी महाराष्ट्रातून, पालघरहून. जन्मतः दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब हे चारही त्याच्या कक्षेत येतात, वय जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायची असतात. पथक आलं की मुलं रांगेत उभी राहतात, वजन, उंची, डोळे, दात. शेवटचं पोर तपासून होईतो मधली सुट्टी संपते. त्या रांगेत कुणाला पूर्वी मेंदूज्वर झाला होता हे पथकाला ठाऊक नसतं, कारण रुग्णालयाची नोंद आणि पथकाची यादी यांची गाठच पडत नाही. मी मागतेय ती एवढीच गाठ. वर्षभरात मेंदूच्या संसर्गातून घरी गेलेल्या मुलांची नावं जिल्ह्याच्या एका वहीत, आणि त्या वहीतून त्या त्या तालुक्याच्या पथकाकडे. सगळ्या शाळेची स्मरणशक्ती तपासा असं कुणी म्हणत नाही. यादी मोजकी असेल, तपासणी खोलात होईल.

अडचणी ठाऊक आहेत. सोलापूरच्या रुग्णालयांत धाराशिवकडून पेशंट येतात, सीमेपलीकडून विजयपूर, कलबुर्गीहून येतात. एक राज्य सोडून दुसऱ्यात गेलेल्या मुलाची वही कोण ठेवणार? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडलेलं कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, म्हणून तपासणी जूनमध्ये. फोन नंबर बदलतात, म्हणून पत्त्याबरोबर आशाताईंचं नाव लिहून ठेवायचं. आशाताई सहसा बदलत नाहीत. अशी वही चार-पाच वर्षं नीट चालली तर ती आपोआप संशोधन ठरेल. वेल्लोरची मुलं जन्मापासून मोजत जाऊन आतड्यांचे संसर्ग आणि वाढ यांवरच्या जागतिक अभ्यासात भारताचा वाटा उचलला गेला. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तीन-चार भाषांत वाढणारी, पाण्याच्या पाळीवर जगणारी मुलं त्याच्या दारात आहेत, आणि अशा मुलांबद्दलचे प्रश्न सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत सुटणार नाहीत.

नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली सापडलेल्या विषाणूचं नाव जगभर त्या गावावरून आहे. २००३ साली आंध्रात त्याच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. हा १८३ चा आकडा सगळीकडे येतो. वजाबाकी केली तर १४६ उरतात. ती आज विशी-तिशीत असतील. त्यांच्यातली किती दहावीला बसली, हा आकडा साथीच्या तक्त्यात नसतो, कारण तक्त्याचे रकाने ठरवताना तो कुणी आखलाच नाही.

दरम्यान बाजार रिकामा बसलेला नाही. फेब्रुवारी लागला की औषधदुकानांच्या काउंटरवर स्मरणशक्तीच्या बाटल्या येतात, ब्राह्मी, शंखपुष्पी, वर एखादा चष्मेवाला हसरा मुलगा. दुखावलेल्या हिप्पोकॅम्पसवर त्यांचा उपयोग होतो याला पुरावा नाही. पाचशे रुपयांची बाटली घेणारी आई विड्या वळून ते पाचशे मिळवते, एवढं त्या जाहिरातवाल्यांनी लक्षात ठेवलं तरी खूप. दुसरीकडे, ज्या देशांत जंतू जास्त तिथे बुद्ध्यंक कमी असले आलेख फिरवणारे विद्वानही आहेत. देशाच्या सरासरीवरून मुलाबद्दल काहीही कळत नाही आणि त्यातून फक्त तुच्छता वाढते. ज्या मुलाला मदत करायची त्याचं नाव, गाव आणि आजाराचा महिना माहीत असावा लागतो.

मदत म्हणजे काय, असं विचाराल तर ती महाग नाही. निरोप लिहून द्या. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत भिंतीवर लावा. काल शिकवलेलं आज, परवा आणि आठवड्याने पुन्हा विचारा. हातांनी करून शिकता येईल ते हातांनी करू द्या, कारण ती वाट बहुधा शाबूत असते. मोठ्या वर्गात गेल्यावर परीक्षेत जादा वेळ मिळतो. राज्य मंडळ अध्ययन-अक्षम मुलांना सवलती देतंच. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्राला तपासणी लागते, आणि तपासणीला कुणीतरी 'याला घेऊन या' म्हटलेलं असावं लागतं.

एक आक्षेप मात्र मला सहज झटकता येत नाही. अशी नोंद शाळेत पोचली की मुलाच्या कपाळावर शिक्का बसेल, त्याच्याकडून कुणी काही अपेक्षाच करणार नाही. मुलींच्या बाबतीत तर लग्नापर्यंत ही गोष्ट उकरली जाईल. भीती खरी आहे, मी स्टाफरूममध्ये बसते, तिथे काय बोललं जातं ते ऐकते. म्हणून वही आरोग्य खात्याकडेच राहावी, शाळेच्या दाखल्यावर तिचा उल्लेख नसावा. जूनमधल्या तपासणीचा कागद आईच्या हातात द्यावा, तिला वाचता येत असेल त्या भाषेत, आणि वाचता येत नसेल तर आशाताईंनी बसून समजावून सांगावा. वर्गशिक्षिकेला तो दाखवायचा की नाही, हे त्या आईने ठरवावं.